गाडी नेमकी कधी तापते?

मार्च उलटला की या सदराकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: गाडी गरम झाली, गॅरेजवाल्याने पाणी भरून दिलं, चार दिवसांनी पुन्हा तेच. निदानाला सगळ्यात उपयोगी माहिती मात्र अशा पत्रांत बहुतेक वेळा नसतेच. तापमानाचा काटा चढतो कधी? सिग्नलला उभं असताना, हायवेवर, घाटात, की सुरू केल्यावर दहाच मिनिटांत? एवढं कळलं तरी पंखा, रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि गळती यांपैकी आधी कुठे बघायचं ते ठरतं. यावेळी निवडलेल्या पत्रांत ती नोंद आहे, म्हणून उत्तरंही सविस्तर देता आली.

घरी तपासणी करणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी पाळायच्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा दाबाखालच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आत साधारण १ बार दाब असतो आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव्य) १०० अंशांवर असूनही द्रवरूपात असतं. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते उकळून थेट तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून मऊ लागला आणि त्यावर निवांत हात ठेवता आला, तरच झाकणाला हात लावा. दुसरं, इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होऊ शकतो. पंख्याजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा.

प्रश्न : माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक हायवेवर ठीक चालते, काटा मध्यावर असतो. द्वारका चौकात दहा मिनिटं अडकलं की काटा चढतो, मोकळा रस्ता मिळाला की उतरतो. कूलंट पूर्ण आहे. मेकॅनिक म्हणतो, ‘पंखा डायरेक्ट करून देतो.’ करून घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नका घेऊ. तुमच्या वर्णनातच निम्मं निदान आहे. हायवेवर समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं असतं. म्हणजे दोष पंख्यात, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा त्याला आदेश देणाऱ्या सेन्सरमध्ये असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

इंजिन सुरू करून एसी लावा, तापमान सगळ्यात कमी ठेवा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. फिरला, तर मोटर आणि तिचा वीजपुरवठा ठीक आहे. मात्र काही गाड्यांत दोन पंखे असतात, काहींत एकच पंखा दोन वेगांनी चालतो, त्यामुळे कोणता पंखा कोणत्या वेगाने फिरला तेही बघा. हळू वेगासाठी असलेला रेझिस्टर जळाला की पंखा फक्त जोराच्या वेगावर चालतो आणि तोपर्यंत काटा बराच वर गेलेला असतो.

एसीवरही पंखा फिरला नाही, तर बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्सचं झाकण उघडा. आतल्या बाजूला नकाशा असतो. पंख्याचा फ्यूज बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. तो काढून नुसता डोळ्यांनी बघू नका, मल्टिमीटरवर तपासा. मग रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा विद्युत स्विच. त्याच बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, पुष्कळदा हॉर्नचा, तर दोघांची अदलाबदल करा. पंखा चालू झाला आणि हॉर्न बंद पडला, तर दोषी रिले सापडला.

फ्यूज आणि रिले ठीक असतील तर मोटर थेट तपासा. तिचा प्लग काढा, २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायर घ्या, एकीत ३० अँपिअरचा फ्यूज बसवा आणि बॅटरीवरून मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. जोरात फिरली तर बिघाड वायरिंगमध्ये आहे. फिरलीच नाही, किंवा लांब लाकडी पट्टीने ढकलल्यावरच फिरली, तर आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. अशी मोटर कधी चालते, कधी नाही, आणि गॅरेजमध्ये नेली की नेमकी चालते.

एसीवर पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असं असेल तर संशय तापमानाच्या सेन्सरवर. इग्निशन बंद ठेवून त्याचा प्लग काढा, मग इंजिन सुरू करा. सेन्सर गायब दिसला की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) खबरदारी म्हणून पंखा सुरू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याने घाबरू नका. पंखा असा सुरू झाला तर सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. २० अंशांना तो साधारण २ ते ३ किलो-ओहम असतो आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास उतरतो. गरम झाल्यावरही रोध पुरेसा उतरत नसेल, तर ईसीयूला इंजिन थंडच वाटत राहतं.

पंखा वेळेवर फिरतो तरी काटा चढतो, असंही होतं. तेव्हा पंखा चालू असताना वर्तमानपत्राचं पान पुढच्या जाळीसमोर धरा. ते आत ओढलं गेलं पाहिजे. दुरुस्तीत वायर उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वारा पुढे ढकलतो. दिशा बरोबर असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे धूळ आणि किडे यांचा थर असू शकतो. साध्या नळीने, इंजिनच्या बाजूकडून पुढे अशा दिशेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या नाजूक पात्या आडव्या होतात.

पंखा ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे किल्ली फिरवली की तो सतत चालू. पुढच्या गावापर्यंत पोचण्यासाठी हा उपाय ठीक. कायमचा ठेवला तर मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर विनाकारण भार पडतो, आणि इग्निशनच्या बारीक वायरवरून ही जोडणी केली असेल तर वायर तापून जळण्याचा धोका असतो. शिवाय रिले किंवा सेन्सरचा मूळ दोष तसाच राहतो.

प्रश्न : डिझेल सेडान. शहरात काही त्रास नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना किंवा ताशी १०० ने सलग चालवताना तापते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता थोडी कमी तापते, पण मायलेज घसरलं आहे. (एक वाचक, कराड)

उत्तर : हा वरच्या प्रश्नाच्या अगदी उलटा प्रकार. वारा भरपूर असताना आणि इंजिन जोर करत असतानाच गाडी तापते, म्हणजे पंख्याचा दोष मागे पडतो. इंजिनातली उष्णता पुरेशा वेगाने रेडिएटरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचून बाहेर पडत नाही.

आधी थर्मोस्टॅटबद्दल, कारण तो काढून टाकण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे आणि तिने इंजिनांचं नुकसान होतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. तो नसला तर हलक्या भारावर इंजिन कायम थंडसर राहतं, इंधन जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. अनेक इंजिनांत हाच भाग उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरला टाळून इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापू शकते. नवीन थर्मोस्टॅट त्याच अंशाचा, नव्या गॅस्केट किंवा ओ-रिंगसह बसवून घ्या.

जुना काढलेला तुमच्याकडे असेल तर तपासून बघा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर धरा आणि हळूहळू तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या एक-दोन अंश मागेपुढे तो हलू लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट शहरात चालून जातो आणि घाटात पकडला जातो. पूर्ण बंद अडकलेला असता तर शहरातच दहा मिनिटांत काटा वर गेला असता: वरचा होज चटका देणारा, खालचा थंड. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

आता रेडिएटर. आतून क्षार आणि गंज साचून नळ्या बुजतात. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर इंजिन पूर्ण गरम करून रेडिएटरचा पृष्ठभाग पट्ट्यापट्ट्याने मोजा. तापमान हळूहळू बदलत गेलं तर ठीक. मधेच गार पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, तिथे काळी चिकटपट्टी लावून मोजा. वरच्या आणि खालच्या होजमध्ये साधारण दहा अंशांचा फरक अपेक्षित आहे. फरक खूपच मोठा असेल तर प्रवाह मंद आहे: बुजलेला रेडिएटर, पंखुड्या झिजलेला वॉटर पंप किंवा सैल बेल्ट.

वॉटर पंपाच्या मानेखाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ किंवा वाळलेला रंगीत डाग दिसला तर सील गेलं आहे. बेल्ट काढून पुली हाताने हलवा, खुळखुळली तर बेअरिंगही गेलं. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर ते उघडणं घरचं काम नाही, आणि उघडलंच तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्र बदलणं शहाणपणाचं.

खालचा होज दाबून बघा. तो फार मऊ पडला असेल तर जास्त आरपीएमवर पंपाच्या ओढीने आत चिपकतो आणि प्रवाह तुटतो. उभ्या गाडीत, इंजिन २,५०० ते ३,००० आरपीएमवर नेऊन दुसऱ्या माणसाने दुरून बघितलं तर हे दिसतं.

एक कारण फार कमी जण तपासतात. गाडीला पुढून कधी ठोकर लागली होती का? बंपरच्या आत, रेडिएटरच्या बाजूंना आणि खाली प्लॅस्टिकचे पडदे असतात. ते वाऱ्याला रेडिएटरमधून जायला भाग पाडतात. डेंटिंगनंतर ते पुन्हा बसवले गेले नाहीत तर हायवेवर वारा बाजूने निसटतो. पुढे बसवलेले जादा दिवे आणि किड्यांसाठी लावलेली बारीक जाळीही हेच करतात. उसाच्या हंगामात तुमच्या भागातलं पाचटही विसरू नका.

प्रश्न : महिन्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतं. खाली एक थेंबही दिसत नाही. गाडी अजून तापलेली नाही. थांबू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थांबू नका. निदान करायला हीच योग्य वेळ आहे. रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा आणि टाकीवर मार्करने रेघ मारा. गरम इंजिनावर पातळी वर जाते, त्यामुळे त्या वेळची नोंद निरुपयोगी.

गरम धातूवर पडलेलं कूलंट उडून जातं, थेंब खाली येतच नाही. मागे राहतो तो पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर. टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, थर्मोस्टॅटची जोडणी, आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे मुडपून जोडलेली असते ती कड बघा. शेवटची जागा सगळ्यात जास्त दगा देते. खाली पुठ्ठा अंथरून रात्र काढा. डाव्या बाजूच्या चाकामागे पडलेलं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं असतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, वास गोडसर असतो. चव घेऊन बघू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोडीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन काढा.

पुढच्या सीटखालचा गालिचा ओला, काचेवर आतून तेलकट वाफ आणि केबिनमध्ये गोड वास असेल तर हीटरची छोटी जाळी गळते आहे.

रेडिएटरचं झाकण स्वस्त आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. १.१ बारवर अर्धं कूलंट, अर्धं पाणी असं ५०:५० मिश्रण १२५ अंशांच्या पुढे उकळतं, दाब नसेल तर १०७ च्या आसपासच. रबर चिरलेलं किंवा स्प्रिंग मऊ झालेली असेल तर कूलंट टाकीत ढकललं जातं आणि ओव्हरफ्लोतून बाहेर जातं. थंड झाल्यावर वरचा होज आत बसलेला दिसला तर झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकला आहे. नवीन झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं घेऊन फायदा होत नाही, जुना रेडिएटर फुटतो.

इथवर काही सापडलं नाही तर हातपंपाच्या प्रेशर टेस्टरने थंड इंजिनावर झाकणाच्या आकड्याइतका दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर ओल नाही, तर गळती आत आहे. मग हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासावं लागतं. थंड इंजिनावर झाकण काढून सुरू करा: सतत, न थांबता बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर दोन मिनिटांत, इंजिन तापण्याआधीच होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. खात्री करायला रासायनिक ब्लॉक टेस्टर मिळतो. त्यातलं निळं द्रावण ज्वलनाचा वायू मिळताच पिवळं होतं. कूलंटची पातळी आधी थोडी कमी करा, नाहीतर ते टेस्टरमध्ये ओढलं जातं. डिझेल गाडीत आणखी एक छुपी वाट असते, ती ईजीआर कूलरची (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग): तो आतून फुटला तर कूलंट धुरासोबत जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही.

प्रश्न : ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसते. हेड गॅस्केट गेलं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पावसाळा आणि रोजचा दोन-तीन किलोमीटरचा प्रवास असेल तर बहुधा नाही. इंजिन पूर्ण तापत नाही, ओलावा झाकणाला धरतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा. तिथलं ऑइल स्वच्छ आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर तासभर सलग गाडी चालवा, थर निघून जाईल. डिपस्टिकवरही दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, बेअरिंग खराब होतील.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं तेच भरतो आहे. आता कूलंट टाकलं तर चालेल का? रंग कोणता घ्यावा? (एक वाचक, लातूर)

उत्तर : वरून नुसतं टाकून उपयोग नाही, आधी आतलं काढायला हवं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार इंजिनाच्या सर्वांत गरम भागांवर थर धरतात आणि उष्णता अडवतात. साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्यंही नसतात.

थंड इंजिनावर रेडिएटरच्या तळाचा प्लग उघडून सगळं काढा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा. एवढं करूनही इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी राहतंच, म्हणून तयार मिश्रणापेक्षा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता ५ लिटर दिली असेल तर आधी २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग डिस्टिल्ड पाण्याने पातळी पूर्ण करा. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका, पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं.

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा यांचा सर्वमान्य असा काही नियम नाही. मॅन्युअलमधला प्रकार बाटलीवर जुळवा आणि दोन प्रकार मिसळू नका. काढलेलं पाणी गटारात किंवा अंगणात न टाकता बंद डब्यात भरून गॅरेजला द्या.

प्रश्न : माझ्या गाडीत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. आधी कसं कळणार? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या निदानाच्या पोर्टमध्ये लावायचं छोटं यंत्र) आणि फोनमधलं एखादं ॲप घ्या. गाडी १ एप्रिल २०१३ नंतरची असेल तर पोर्ट नक्की सापडेल, बहुधा स्टिअरिंगखाली. कूलंटचं तापमान थेट अंशांत दिसतं. ८५ ते १०० च्या दरम्यान खेळत राहिलं तर ठीक, १०५ ओलांडून चढतच राहिलं तर थांबा. ॲपमध्ये दोषाचा कोड पी ०१२८ आला तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय घ्या, पी ०११७ किंवा पी ०११८ सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा, पी ०४८० पंख्याच्या नियंत्रणाचा.

प्रश्न : कसारा घाटात मधेच लाल दिवा लागला तर नेमकं काय करायचं? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : दिवा लागण्याआधी काटा चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगाने लावा. हीटरची जाळी हाही छोटा रेडिएटरच आहे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर जवळच्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. वाफ नसेल तर किल्ली पुन्हा ‘ऑन’वर फिरवा, बऱ्याच गाड्यांत पंखा चालू राहतो. ‘अजून दोनच किलोमीटर’ म्हणून पुढे रेटू नका. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्यात वाकतं.

एका फसव्या खुणेपासून सावध राहा. चढलेला काटा घाटात एकदम खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की तो चुकीचा, कमी आकडा देतो. तेव्हा हीटरची हवाही अचानक गार होते.

गरम इंजिनावर पाणी ओतू नका. कमीत कमी पाऊण तास थांबा, वरचा होज मऊ आणि हात ठेवण्याइतका गार झाला की मगच जाड फडक्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंत सोडवून दाब जाऊ द्या. पिण्याचं बाटलीबंद पाणी अडचणीला चालतं. थोडंथोडं ओता आणि खाली बघा: ओतलं तेवढं गळत असेल तर टो गाडी बोलवा. गळत नसेल तर भरा, झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा, हीटर गरमवर असू द्या. बुडबुडे निघून पातळी उतरली की पुन्हा भरा, मग झाकण लावा. किती पाणी घातलं ते लिहून ठेवा. ५ लिटरच्या ५०:५० मिश्रणातलं १ लिटर जाऊन त्याजागी साधं पाणी आलं की कूलंटचं प्रमाण ४० टक्क्यांवर येतं, २ लिटर गेलं तर ३० वर, आणि गॅरेजमध्ये पोचल्यावर त्यानुसारच दुरुस्त करून घ्यायचं आहे.